जोजोबाचं बी खाता येतं, मग पोट का भरत नाही?

सिन्नरच्या पूर्वेला, वावीच्या बाजूला, माझ्या मावशीची अडीच एकर मुरमाड जमीन आहे. पाऊस झाला तर बाजरी, नाही तर नुसती कुसळं. दोन वर्षांपूर्वी मावसभावाचा फोन आला. एका रोपविक्रेत्याने त्याला जोजोबाचं पत्रक दिलं होतं आणि त्यावर तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या: बी खाता येतं, बियांतून जवळपास निम्मं तेल निघतं, आणि झाड शंभर वर्षांहून जास्त जगतं. "ताई, तू कॉलेजात केमिस्ट्री शिकवतेस ना, यातलं खोटं काय ते सांग," तो म्हणाला.

खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला उत्तर द्यायला आठवडा लागला. तिन्ही वाक्यं खरी होती, पण त्यांचा अर्थ आपण शेंगदाण्याच्या अनुभवावरून लावतो. खाण्यासारखं बी, त्यात निम्मं तेल, म्हणजे घाण्यावर न्यायचं, तेल फोडणीला आणि पेंड म्हशीला, असं डोक्यात आपोआप जुळत जातं. जोजोबाच्या बाबतीत यातलं एकही खरं ठरत नाही, कारण त्या बियांत आपल्या ओळखीचं तेल नसतंच. असतं ते मेण. पातळ, सोनेरी, बाटलीतून ओतता येणारं मेण.

जोजोबा हे सोनोराच्या वाळवंटातलं रानझुडूप. अमेरिकेतलं ॲरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्निया, मेक्सिकोतलं सोनोरा आणि बाहा कॅलिफोर्निया, एवढा त्याचा मूळ मुलूख. तिकडे स्पॅनिश वळणाने त्याला 'होहोबा' म्हणतात, आणि हा शब्दही मुळात त्या वाळवंटातल्या ओडाम लोकांच्या बोलीतून आलेला आहे. झुडूप साधारण माणसाच्या उंचीचं, कधी थोडं जास्त. पानं जाड, चामड्यासारखी, राखाडी हिरवी. आपल्याकडच्या बहुतेक झाडांची पानं आडवी पसरलेली असतात. याची पानं फांदीवर उभी राहतात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की पानाची फक्त कड सूर्याकडे असते, त्यामुळे पान कमी तापतं आणि पाणी कमी उडतं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र पूर्ण पान उजेड घेतं. मुळं खूप खोल जातात. वाळवंटात तगून राहायला जे जे लागतं ते सगळं या झुडपाने जमवलेलं आहे.

त्याचं शास्त्रीय नाव मात्र सगळ्यांना गोंधळात पाडणारं आहे: सिमोन्डसिया चायनेन्सिस. चायनेन्सिस म्हणजे चीनचं, आणि चीनशी या झुडपाचा काडीचा संबंध नाही. १८२२ साली योहान लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं, तेव्हा नमुन्याच्या चिठ्ठीवरचं कॅलिफोर्नियाचं त्रोटक रूप 'चायना' असं वाचलं गेलं, असं सांगतात. पुढे १८४४ मध्ये टॉमस नटॉल यांनी त्याला कॅलिफोर्नियाचं म्हणून योग्य नाव दिलं होतं, पण वनस्पतींच्या नामकरणात आधी दिलेल्या नावाचा मान मोठा, त्यामुळे चुकीचं चायनेन्सिस कायम राहिलं. आज नाशिकच्या कुठल्याही दुकानात जोजोबाच्या शाम्पूची बाटली उलटी करून घटक वाचा, ती दोनशे वर्षांपूर्वीची चूक तिथे छापलेली सापडते.

आता मेणाकडे येते, कारण सगळी गोम तिथे आहे.

शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, मोहरी, यांच्या तेलाचा एक कण डोळ्यांसमोर आणायचा तर गोंडा आठवा. वर एक गाठ, त्या गाठीतून लोंबणारे तीन धागे. गाठ म्हणजे ग्लिसरीन आणि धागे म्हणजे स्निग्धाम्लं. तूप असो की खोबरेल, रचना हीच. धाग्यांची लांबी बदलते, काही धागे सरळ असतात, काहींना मध्ये वाक असतो, एवढाच फरक. साबण करताना कॉस्टिक सोडा ही गाठ सोडवतो. धाग्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन वेगळं पडतं.

जोजोबाच्या बियांत हा गोंडा नाही. तिथे फक्त दोन लांब धागे टोकाला टोक लावून एका गाठीने जोडलेले असतात. येवल्यात मागावर ताण्याचा धागा तुटला की विणकर त्याची दोन टोकं घेऊन बारीक गाठ मारतात आणि पुन्हा एकच लांब धागा होतो, अगदी तसं. त्यातला एक धागा स्निग्धाम्लाचा, दुसरा लांब साखळीच्या अल्कोहोलचा. अल्कोहोल म्हटलं की दारू आठवते, पण रसायनशास्त्रात हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे आणि यातलं अल्कोहोल मेणचट असतं, त्याने नशा येत नाही. अशा दोन धाग्यांच्या जोडाला रसायनशास्त्र मेण म्हणतं. मधमाशांच्या पोळ्याचं मेण बऱ्याच अंशी याच घडणीचं. ग्लिसरीनची गाठच नसल्यामुळे जोजोबापासून साबण करायला गेलं तर ग्लिसरीन मिळत नाही, आणि अल्कोहोलचा अर्धा भाग साबण न होता तसाच उरतो. घरी साबण करणाऱ्या मैत्रिणींनी जोजोबा जास्त घातला की वडी मऊ राहते, त्याचं कारण हे.

मग पोळ्याचं मेण कडक आणि हे पातळ, असं का? पोळ्याच्या मेणातले धागे बहुतेक सरळ असतात. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधली जाते, तसे ते एकमेकांना चिकटून बसतात आणि वितळायला साठ अंशांच्या वर तापमान लागतं. जोजोबाच्या दोन्ही धाग्यांना मात्र सहसा एकेक वाक असतो. वाकड्या काड्यांची मोळी ढिली राहते, म्हणून ते नेहमीच्या हवेत पातळच असतं आणि साधारण दहा अंशांच्या आसपास गोठायला लागतं. आपल्याकडे हे पाहायला प्रयोगशाळा नको. डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा खिडकीत ठेवलेली शुद्ध जोजोबाची बाटली पहाटे गढूळ आणि घट्ट झालेली दिसते. खोबरेल त्याच्या कितीतरी आधी, चोवीस अंशांच्या सुमाराला, दगड झालेलं असतं. याला शुद्धतेची परीक्षा मात्र समजू नका. थंडीत गोठणारी दुसरी तेलंही आहेत.

हायड्रोजन वापरून कारखान्यात तो वाक सरळ केला की हेच पातळ मेण कडक होतं, आणि त्याचे बारीक मणी करता येतात. चेहरा घासायच्या क्रीममध्ये पूर्वी प्लास्टिकचे कण असायचे, ते नाल्यातून नदीत जायचे. त्यांच्या जागी हे जोजोबाचे मणी वापरतात. गोदावरीच्या काठी राहणाऱ्या बाईला ही गोष्ट आवडली नाही तरच नवल.

नाशिककरांना मेण काही नवीन नाही. द्राक्षाच्या मण्यावर पांढरट पावडरीसारखा जो थर असतो, तो मेणाचाच. तो आहे म्हणून मण्यातलं पाणी आत राहतं. बेदाणा करताना आपण माल डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो, कारण त्या थराला भेगा पडल्याशिवाय पाणी बाहेर पडत नाही आणि मणी सुकत नाही. म्हणजे झाडं मेण सर्रास बनवतात, पण पानावर, सालीवर, बाहेरून पांघरण्यासाठी. जोजोबाने तेच मेण बियांच्या आत, शिदोरी म्हणून साठवलं. बियांतला मुख्य साठा म्हणून पातळ मेण ठेवणारी दुसरी वनस्पती शास्त्राला माहीत नाही. कोंब फुटताना ते मेण तोडून वापरायचं साधनही त्याच बियांत असतं.

आपल्या पोटात ते साधन जवळपास नाही, आणि पत्रकातलं पहिलं वाक्य इथे अडखळतं. आपली पाचकद्रव्यं गोंड्याची गाठ सोडवायला तयार झालेली आहेत. दोन धाग्यांचा सरळ जोड त्यांना फार सावकाश तोडता येतो, आणि तोवर तो आतड्यांतून पुढे निघून गेलेला असतो. म्हणून जोजोबाचं तेल स्वयंपाकात वापरलं तर अंगी फारसं लागत नाही. जास्त झालं तर पोट बिघडतं, जुलाब होतात आणि तेल जसंच्या तसं बाहेर पडतं. एरंडेलानेही पोट साफ होतं, पण त्याचं कारण वेगळं. एरंडेल पोटात पचतं, त्यातून सुटणारं आम्ल आतड्याला चालना देतं. जोजोबा जवळपास पचतच नाही.

तरीही 'खाण्याजोगं' हा शब्द खोटा नाही. ओडाम आणि त्या भागातले इतर मूळ लोक या बिया खात आले आहेत, पण मूठभर, रानात हिंडताना, किंवा टंचाईत. भाजून दळून कॉफीसारखं पेयही करायचे. त्यांचा मोठा वापर अंगाला लावण्यासाठी होता: बी कुटून त्याचा लेप केसांना, भेगांना, जखमांना. अठराव्या शतकात त्या भागातल्या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी या बियांची नोंद केली. फ्रान्सिस्को क्लाविहेरो या मेक्सिकोच्या जेझुइट लेखकाच्या १७८९ मध्ये छापल्या गेलेल्या लेखनातही ती आहे. त्या लोकांना या बियांची मर्यादा नीट ठाऊक होती, आणि आजच्या पत्रकांतून नेमका तेवढाच भाग गळतो.

बियांत आणखी एक पदार्थ असतो, सिमोन्डसिन. तो खाणाऱ्याची भूक मारतो. उंदरांना जोजोबाची पेंड खायला घातली तर ते खाणं कमी करतात आणि वाळत जातात. माणसासाठी वजन कमी करायचं औषध म्हणून त्याकडे पाहिलं गेलं खरं, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. तेल काढल्यावर उरलेली पेंड, प्रक्रिया करून सिमोन्डसिन काढल्याशिवाय, जनावरांना घालता येत नाही. शेंगदाण्यात आणि सरकीत पेंडीचा पैसा हिशेबात धरला जातो. जोजोबात तो धरता येत नाही. मावसभावाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

वाळवंटातही हे बी पोटभर खाऊन पचवणारा एकच प्राणी माहीत आहे: गालाला पिशव्या असलेला एक छोटा उंदीर, बेलीचा पॉकेट माउस. बाकीचे प्राणी चाखतात, पुरून ठेवतात, पण त्यावर जगत नाहीत. इतका मोठा साठा आणि खाणारा जवळपास कोणी नाही, हे झाडाच्या फार फायद्याचं आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण घरात मुलं असतात. जोजोबा आणि जट्रोफा ही नावं ऐकायला सारखी वाटतात आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते. जट्रोफा म्हणजे आपला मोगली एरंड, चंद्रज्योत. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी त्याची शिफारस केली आणि मग तो बांधाबांधांवर लागला. त्याच्या बिया विषारी आहेत, मुलांनी खाल्ल्या तर उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात न्यावं लागतं. साध्या एरंडाचं बीही विषारीच. 'वाळवंटातलं झुडूप, बी खाता येतं' हे वाचून कुणी ते वाक्य या दोघांना लावू नये.

आता या मेणाला एवढी किंमत का आली ते पाहू. त्याचा संबंध वाळवंटाशी नाही, समुद्राशी आहे.

स्पर्म व्हेल या महाकाय प्राण्याच्या डोक्यातून आणि चरबीतून निघणारं तेलही मुख्यतः असंच मेण होतं. गोंडा नसल्यामुळे ते उष्णतेत आणि दाबात टिकायचं, म्हणून बारीक यंत्रांपासून मोटारीच्या गिअरपर्यंत वंगणात त्याची मोठी मागणी होती. त्यासाठी व्हेल मारले जात. १९३३ साली ॲरिझोना विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी जोजोबाच्या बिया तपासल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की हे नेहमीचं तेल नाही, व्हेलच्या तेलाशी जुळणारं पातळ मेण आहे. तेव्हा त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, त्याच्या तेलाची आयात बंद झाली, आणि मग मात्र या झुडपाकडे धाव सुरू झाली. पुढे १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबवायचा ठराव केला, तो १९८६ पासून लागू झाला. व्हेल वाचले याचं श्रेय एकट्या जोजोबाला देणं चूक ठरेल. पण पर्याय हाताशी असला की बंदी टिकते. माझ्या लेखी या झुडपाचं सगळ्यात मोठं काम तेच.

यंत्रांपेक्षा आज ते कातडीवर जास्त वापरलं जातं, आणि त्यालाही रसायनाचाच आधार आहे. आपल्या त्वचेतून जो तेलकटपणा सुटतो, त्यात सुमारे पाव भाग याच जातीचं मेण असतं. म्हणून जोजोबा त्वचेवर परकं वाटत नाही, पटकन पसरतं. दुसरं म्हणजे ते खवट होत नाही. करडई किंवा सूर्यफुलाच्या तेलातल्या धाग्यांना दोन-दोन वाक असतात आणि हवेतला प्राणवायू नेमका त्या दोन वाकांच्या मधल्या जागी हल्ला करतो. जोजोबाच्या धाग्याला एकच वाक, त्यामुळे बाटली वर्षानुवर्षं टिकते. कोरडी कातडी मऊ राहते हे मी मानते. त्याने टकलावर केस उगवतात असं कुणी सांगितलं तर मात्र पैसे देऊ नका. बाटली घेताना घटकांची यादी बघा: तिथे जास्त प्रमाणाचा पदार्थ आधी लिहितात, आणि सिमोन्डसिया हे नाव अगदी शेवटी, सुगंधाच्या जवळपास दिसलं, तर त्यात जोजोबा नावापुरतं आहे.

राहिला शेतीचा प्रश्न, आणि मावसभावाला खरं उत्तर त्याचंच हवं होतं.

जोजोबात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पपई लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बी फक्त मादीला धरतं. नराचा पराग वाऱ्याने येतो, मधमाशीची गरज नाही. पपईचं फूल काही महिन्यांत दिसतं आणि जास्तीचे नर उपटता येतात. जोजोबा मात्र बियांपासून लावला तर नर की मादी हे कळायला तीन-चार वर्षं जातात, आणि निम्मी झाडं नर निघतात. बागेला दहा टक्के नर पुरतात. बाकीचे नर तीन-चार वर्षं जागा आणि पाणी खाऊन गेले. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला जी मोठी लागवड झाली, ती बरीचशी रानातल्या बियांपासून केलेली होती. एक झाड भरपूर धरायचं, शेजारचं रिकामं. पुष्कळांचे पैसे त्यात बुडाले. नंतर चांगल्या मादी झाडांच्या फांद्यांपासून रोपं करायला लागले तेव्हा गाडी रुळावर आली. आपण द्राक्षाच्या काड्या निवडून लावतो, डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, तोच विचार. तो डॉगरिजसुद्धा मूळचा अमेरिकेतला, टेक्सासच्या रानद्राक्षांतला. परदेशी झाड म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. ते आपल्या मातीत कसं वागतं हे कुणी तरी आधी पाहिलेलं असावं, एवढंच.

भारतात हे झुडूप कोरड्या प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या जोधपूरच्या काझरी संस्थेने आणून वाढवून पाहिलं. नव्वदच्या दशकात राजस्थान सरकारने इस्रायलच्या मदतीने सीकर जिल्ह्यात फतेहपूरला आणि जयपूरजवळ ढंडला प्रक्षेत्रं उभारली. तिकडची माती वाळूची, पाणी पडलं की खाली उतरतं. जोजोबाला सगळ्यात जास्त भीती तुंबलेल्या पाण्याची. निफाडची काळी कसदार जमीन ऊस-द्राक्षाला सोनं, पण जोजोबाची मुळं पावसाळ्यात तिथे कुजतील. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाबद्दल तर बोलायलाच नको. सिन्नर, येवला, नांदगावकडची मुरमाड, उताराची जमीन त्यातल्या त्यात बरी. झाड तिथे जगेलही. मात्र पाण्यावाचून जगणारं झाड पाण्यावाचून बीही देईल, असं धरून चालू नये. इस्रायलमधल्या बागा ठिबकवर आहेत. आणि बी उन्हाळ्यात पिकून जमिनीवर गळतं, ते वेचून घ्यावं लागतं. आपल्याकडे त्याच दिवसांत वळवाच्या सरी येतात.

बी खायचंच असेल तर वाळवंटातलं खरं जेवण आपल्या देशातही आहे. राजस्थानात खेजडीच्या कोवळ्या शेंगांची, सांगरीची, आणि कुमटाच्या बियांची भाजी घरोघरी होते, आणि ती पोटभरीची असते. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. ती आपल्याकडच्या कोरड्या भागातही येते.

मावसभावाला मी विक्रेत्याकडे पाठवलं ते तीन प्रश्न घेऊन. रोपं बियांपासूनची की फांदीपासूनची? नर किती, मादी किती, हे लिहून देणार का? आणि बी धरल्यावर ते कोण, कुठल्या गावात, कुठल्या भावाने घेणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'बियांपासूनची' असं आलं. दुसऱ्याला तो नाही म्हणाला, आणि तिसऱ्यावर कंपनीचा माणूस फोन करेल असं सांगितलं. तो फोन आला नाही. मावशीच्या मुरमाडावर आता सीताफळ आहे. बांधावर मात्र त्याने हौसेने जोजोबाची दोन रोपं लावली आहेत, गुडघ्याएवढी झालीत, पानं सगळी उभी. दोन्हींना अजून कळी आलेली नाही.